शब्दचर्चा : ‘नवीन प्रजातीचा शोध’ यातली प्रजाती म्हणजे नक्की काय?

परवा भाची पेपर आणि विज्ञानाचं पुस्तक दोन्ही घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, मामा, पेपरात लिहिलंय सह्याद्रीत पालीची नवीन प्रजाती सापडली, आणि आमच्या पुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. मग एवढी मोठी गोष्ट दर महिन्याला कशी काय सापडते? मला पटकन उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

मराठी परिभाषेत उतरंड अशी आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती हे मोठं खोकं आणि त्याच्या आत एक किंवा अनेक जाती. मँजिफेरा ही प्रजाती, मँजिफेरा इंडिका म्हणजे आपला आंबा ही तिच्यातली एक जाती. मराठी विश्वकोशातही जाती म्हणजे स्पीशीजच. पण बातम्यांत, डॉक्युमेंटरीच्या मराठी डबिंगमधे, अगदी वनविभागाच्या फलकांवरसुद्धा स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतात. माझ्या मते हे हिंदीतून आलंय, कारण हिंदीत जीनसला वंश म्हणतात आणि स्पीशीजला जाति किंवा प्रजाति. शब्द तोच, पण दोन भाषांत पायरी वेगळी.

कुणी म्हणेल काय फरक पडतो, अर्थ तर कळतो ना. पण नाही कळत, आणि त्याचं माझ्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण आंबोलीचं आहे. 2009 मधे सत्यभामा दास बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या टोडवर (म्हणजे जाड, खरखरीत कातडीच्या बेडकांवर) एक शोधनिबंध छापला. त्यात दोन नव्या प्रजाती होत्या, घाटोफ्रायनी आणि झँथोफ्रायनी, आणि एकच नवी जाती, झँथोफ्रायनी टायगरिना, म्हणजे आंबोलीचा तो कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला छोटा टोड. आता हे बातमीच्या मराठीत लिहून बघा. ‘तीन नवीन प्रजाती सापडल्या’ असंच होणार. प्राणी नवीन एकच, बाकीची दोन नवी खोकी, जुन्या ओळखीच्या प्राण्यांची फेरमांडणी करून केलेली, हे वाचणाऱ्याला कळायला काही मार्गच राहत नाही.

आणि त्याच निबंधात कोयनेच्या टोडचीही गंमत आहे. तो 1963 साली बुफो या प्रजातीत नोंदला गेला होता, 2009 मधे त्याला झँथोफ्रायनीत हलवलं. प्राणी तोच, जाती तीच, प्रजाती बदलली. ‘प्रजाती बदलली’ हे वाक्य पेपरच्या मराठीत म्हणायला गेलं तर वाटेल टोडचा दुसराच कुठलातरी प्राणी झाला!

तुम्ही काय वापरता? आणि का?

प्रतिसाद

मी बरीच वर्षं एका दैनिकात डेस्कवर काढली आहेत म्हणून आतली बाजू सांगते. आम्हाला हे माहीत नसतं असं नाही. पण ‘सह्याद्रीत नवीन जातीचा शोध’ असं हेडिंग लावून बघा. मराठी वाचकाच्या डोक्यात जात म्हटलं की पहिल्यांदा माणसांची जात येते, दाखला येतो, पडताळणी येते. मग बेडूक आणि पाली येतात. एकदा मी जाती असं लिहून दिलेलं वरिष्ठांनी कापलं होतं, म्हणाले हा शब्द हेडिंगमधे नको. प्रजाती म्हटलं की शब्द कसा सोवळा वाटतो, विज्ञानाचा वाटतो. माझ्या मते हिंदी हे अर्धंच कारण आहे, उरलेलं कारण हे आहे, आणि ते आपल्या समाजाचं आहे, भाषेचं नाही.

प्रतिसाद

ताई, तुमचं बरोबर आहे, पण आमच्या शेतकऱ्यांच्या तोंडी जात हा शब्द रोजचा आहे आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. हापूस आंब्याची एक जात, पायरी दुसरी जात. गाय कुठल्या जातीची, तर खिलार. पण इथे आणखी एक गोंधळ होतो तो दादांच्या लक्षात आला नाही वाटतं. हापूस आणि पायरी दोन्ही मँजिफेरा इंडिकाच, म्हणजे पुस्तकातली जाती एकच. आमची जात म्हणजे पुस्तकातल्या जातीच्या खालची पायरी. त्यासाठी आमच्याकडे वाण हा चांगला शब्द आहे, भाताचा इंद्रायणी वाण, बियाण्याच्या दुकानात सगळे वाणच म्हणतात. म्हणजे बघा, पेपरवाले एक पायरी वर सरकले आणि आम्ही एक पायरी खाली, मधल्या पायरीवर पुस्तक एकटंच उभं.

धागाकर्ता

वाणचा मुद्दा खरंच सुटला होता माझ्याकडून, धन्यवाद. वाण, जाती, प्रजाती अशी उतरंड डोक्यात ठेवली तर सगळं नीट बसतं. आणि ताई, तुमच्या कारणावर मी दोन दिवस विचार करतोय. पण जात या शब्दाला माणसांनी जो डाग लावला त्याची शिक्षा बेडकांच्या परिभाषेला का? जातीच म्हणू या, वापरून वापरून तो शब्द पुन्हा साधा होईल असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

मी आंबोलीच्या बाजूचा, सावंतवाडी तालुका. प्रजाती-जातीपेक्षा मला ‘नवीन’ या शब्दाबद्दल बोलायचंय. 2020 मधे आमच्या हिरण्यकेशीच्या देवळापाशी एक मासा ‘नवीन’ सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी, सगळीकडे फोटो आले, तेजस ठाकरे यांचं नाव संशोधकांत होतं म्हणून बातमी जास्तच गाजली. चांगलं झालं, त्यामुळे 2021 मधे सरकारने ती 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, नाहीतर कोण विचारत होतं. पण त्या माशाला आधीपासून ‘देवाचा मासा’ म्हणतात हो. गुहेतून पाणी येतं, नदीचा उगमच तो, महादेवाचं देऊळ, आणि कुंडात तळाशी दगडांना चिकटून हे बोटाएवढे पट्टेवाले मासे. हालचाल केली की सुर्रकन दगडाखाली. लहानपणी आजीबरोबर गेलो की ती सांगायची, पाण्यात हात घालू नको, देवाचे आहेत. ज्याला नाव आहे, मान आहे, तो नवीन कसा?

धागाकर्ता

हे वाचून मी जरा वेळ थांबलो. ‘शोध’ या शब्दाचंही यात येतं. मराठीत शोध घेतात, शोध लागतो आणि शोध लावतात, तीन वेगळ्या गोष्टी. घेणारा हुडकत असतो. लागतो तेव्हा ती वस्तू आधीपासून होतीच, फक्त आपल्याला आता कळली. आणि लावला म्हटलं की सगळं श्रेय माणसाकडे जातं, दिव्याचा शोध लावला तसा. माशाचा शोध कुणी लावत नाही, म्हणून निदान ‘लागला’ तरी म्हणावं, त्यापेक्षा ‘विज्ञानात पहिल्यांदाच नोंद झालेली जाती’ हे मला सगळ्यात खरं वाटतं. लांब आहे पण खोटं नाही.

रानपिंगळा या छोट्या घुबडाला मात्र सापडला हाच शब्द शोभतो. 1884 नंतर त्याचा पत्ताच नव्हता, संपला असं धरून चालले होते, आणि नोव्हेंबर 1997 मधे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. 113 वर्षं हरवलेला सापडला. (त्याचीही प्रजाती नंतर बदलली बरं का, हेटेरोग्लॉक्स होता, आता साध्या पिंगळ्याबरोबर अथीनीमधे.)

प्रतिसाद

‘नोंद’ शब्दाला माझा विरोध आहे, आदराने सांगते. मी वर्गीकरणाच्या लॅबमधे काम केलंय. नोंद म्हटलं की वाटतं वहीत एक ओळ लिहिली. प्रत्यक्षात पावसात रात्री टॉर्च घेऊन घाटात फिरणं, मग एकेक खवला मोजणं, जवळच्या सगळ्या जातींचे संग्रहालयांतले जुने नमुने मागवून किंवा जाऊन बघणं, डीएनए जुळवणं, मूळ नमुना एखाद्या मान्य संग्रहालयात ठेवणं, मग निबंध, मग परीक्षकांचे प्रश्न. यात वर्षं जातात. शिवाय आमच्यात ‘नवी नोंद’ म्हणजे भलतंच, आधी माहीत असलेली जाती नव्या ठिकाणी दिसली तर तिला नवी नोंद म्हणतात. आम्ही आपसांत ‘वर्णन केलं’ म्हणतो. 2019 मधे कोयनेकडच्या बोइगा ठाकरेई या सापाचं वर्णन झालं, असं. आणि आंबोलीच्या दादांना एवढंच सांगते, गावाला मासा माहीत होता हे शंभर टक्के खरं, पण तो शेजारच्या नदीतल्या शिस्टुरांपेक्षा वेगळा आहे हे नमुने बारकाईने तपासल्यावरच ठरलं. दोन्ही माहित्या खऱ्या आहेत. बातमीत ‘देवाचा मासा’ हे नाव पहिल्या ओळीत यायला हवं होतं, हे मात्र मान्य.

प्रतिसाद

पहिल्या ओळीत आलं असतं तर मला एवढं लिहायलाच लागलं नसतं. ‘वर्णन’ चालेल. आजीलाही चाललं असतं.

धागाकर्ता

वर्णनच घेतो मग, नोंद मागे घेतली. ‘देवाचा मासा या नावाने परिचित असलेल्या माशाच्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन’. ताई, हेडिंगमधे बसणार नाही हे माहीत आहे, पण बातमीच्या पहिल्या वाक्यात तरी बसेल ना?

भाचीला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिने जमवलेल्या कात्रणांतल्या प्रत्येक ‘प्रजाती’मधला ‘प्र’ पेन्सिलने खोडला, आणि वहीत टोडचं चित्र काढून खाली लिहिलं:

झँथोफ्रायनी – प्रजाती, नवीन.
टायगरिना – जाती, नवीन.
कोयनायेन्सिस – जाती जुनी, घर नवीन.