उसाचं पात डोळ्याला लागलं, दोन दिवस वाट बघावी का?

बांधकरी:
परवा तोडणीत भावाच्या डाव्या डोळ्याला उसाचं पात लागलं. आधी नुसतं खुपत होतं. आज डोळा लालबुंद झालाय, पाणी थांबत नाही, उजेड सोसवत नाही. मेडिकलमधून 'डोळे आलेत' म्हणून थेंब मिळाले. बाटलीवर क्लोरॅम्फेनिकॉल आणि डेक्सामेथासोन लिहिलंय. घरचे म्हणतात, दोन दिवस बघू.

नेत्रसहायक:
बघत बसू नका, आजच दाखवा. ते थेंब थांबवा, पण बाटली सोबत न्या. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. त्याने लाली उतरते, ठणका कमी होतो, माणूस निर्धास्त होतो आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. पात घासलं की बुबुळावरचा पापुद्रा सोलतो आणि पानावरची बुरशी तिथून शिरते. क्लोरॅम्फेनिकॉल जिवाणूंवर चालतं, बुरशीवर नाही.

डोळे आले असतील तर सहसा चिकट घाण येते, खाज असते, एकातून दुसऱ्या डोळ्यात जातं, आणि घाण पुसली की स्वच्छ दिसतं. एकच डोळा, मार लागल्यानंतर, दुखतोय आणि उजेड नको वाटतोय, तर ते डोळे येणं समजू नका. उजवा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, नजर कमी झालेली कळतच नाही.

बांधकरी:
आकडे पुसट दिसतात म्हणतो. काळ्या भागावर तांदळाच्या कणीएवढा पांढुरका ठिपकाही आहे.

शिवारडॉक:
म्हणजे बुबुळाला जखम होऊन ती चिघळली असण्याची दाट शक्यता आहे. सकाळपर्यंतही थांबू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा जिथे नेत्रतज्ज्ञ आहेत तिथे जा. नुसता चष्म्याचा नंबर काढणाऱ्या दुकानात जाऊन उपयोग नाही. कधी लागलं, कशाने लागलं आणि कोणते थेंब किती वेळा घातले, हे न विचारता सांगा. जखमेवरचा थोडा भाग खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण आधी भूल देणारे थेंब घालतात. बुरशी निघाली तर बहुधा नॅटामायसिन ५ टक्के देतात. सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. उपचार कित्येक आठवडे चालतात. लाली गेली म्हणून मधेच सोडले की जखम पुन्हा उसळते, बुबुळाला भोक पडू शकतं. बरं झाल्यावरही फूल राहू शकतं. ते मधोमध असलं तर नजर अधू होते.

तोवर डोळ्यावर पट्टी बांधू नका. उबेत आणि ओलाव्यात जंतू वाढतात. तूप, मध, अंगावरचं दूध, जिभेने कुसळ काढणं, यातलं काहीही नको.

नेत्रसहायक:
एक भर, बाकीच्या तोडकऱ्यांसाठी. नेपाळमध्ये भक्तपूरला गावातल्या आरोग्यसेवकांनी असं खरचटल्यावर १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं. १८ तासांच्या आत आलेल्यांपैकी कोणाचीही जखम चिघळली नाही. उशिरा आलेल्यांत चिघळण्याचं प्रमाण वाढत गेलं. म्हणून पात लागलं त्याच दिवशी दाखवायचं.

कोयता ग्राइंडरवर पाजवताना लोखंडाचा कण उडाला तर मात्र वेगळं. बाहुली वेडीवाकडी दिसली तर धुऊ नका, दाबू नका, मलमही नको. कागदी कपाचा तळ डोळ्याला न टेकता कपाळ आणि गालाच्या हाडावर चिकटवा आणि थेट निघा.