अ‍ॅडलेड, अ‍ॅलिस आणि हायडी ही नावे मुळात एकच आहेत का?

चौकस:
ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहराला १८३६ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा विल्यम याच्या जर्मन राणीचे नाव देण्यात आले, हे क्रिकेटच्या निमित्ताने वाचले होते. अ‍ॅलिस आणि हायडी ही नावेही त्याच मुळातून आल्याचे नुकतेच वाचनात आले. उच्चारात एवढे अंतर असताना हे खरे मानावे का, आणि मूळ नावाचा अर्थ काय?

शब्दशोधक:
खरे आहे. मूळ नाव जुन्या उच्च जर्मन भाषेतील ‘आडलहाइड’. ‘आडल’ म्हणजे कुलीन आणि ‘हाइड’ म्हणजे प्रकार किंवा स्थिती. आधुनिक जर्मनमधील ‘फ्राइहाइट’ (स्वातंत्र्य) या शब्दाचा प्रत्ययही तोच. फ्रेंचांच्या तोंडी नावाचे ‘आडलाइस’ झाले, पुढे मधला व्यंजन गळून ‘आलिस’ उरले आणि तेच नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात पोहोचून अ‍ॅलिस झाले. हायडी हे मात्र जर्मन भाषकांचे घरगुती रूप आहे. योहाना श्पीरी यांच्या कथेतील हायडीला फ्रँकफुर्टच्या घरातील करड्या शिस्तीची बाई आडलहाइड म्हणूनच हाक मारते.

इतिहासप्रेमी:
नाव युरोपभर पसरले त्याचे बरेचसे श्रेय दहाव्या शतकातील बर्गंडीच्या राजकन्येला द्यावे लागेल. पहिल्या पतीच्या निधनानंतर कैदेतून निसटलेल्या या आडलहाइडने ९५१ मध्ये जर्मनीचा राजा पहिला ओटो याच्याशी विवाह केला, ९६२ मध्ये रोममध्ये तिला सम्राज्ञीपदाचा अभिषेक झाला आणि मृत्यूनंतर चर्चने तिला संतपद दिले.

अर्थाबाबत एक सावधगिरी बाळगावी. बाळांच्या नावांच्या यादीत ‘उदात्त स्वभावाची’ असा गोंडस अर्थ छापतात, पण जर्मानिक (जर्मन, जुनी इंग्रजी अशा एका कुळातील भाषांच्या) नावांतील दोन घटक नेहमीच अर्थपूर्ण समास म्हणून जोडले जात नसत. घराण्यातील एक घटक पुढच्या पिढीत चालू ठेवण्याची रीत होती. इंग्लंडातील वेसेक्स या जुन्या राज्याचा राजा एथेलवुल्फ याची मुले एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि मुलगी एथेलस्विथ. आपल्याकडे प्रभाकरवर्धनाचे पुत्र राज्यवर्धन आणि हर्षवर्धन, तसेच काहीसे. फरक इतकाच की तिथे पूर्वपद टिकले, इथे उत्तरपद.

चौकस:
आभारी आहे. मग एथेल हे स्त्रीनावही याच कुळातले समजायचे का?

शब्दशोधक:
होय, जुन्या इंग्रजीतील ‘एथेल’ हे ‘आडल’चेच भावंड. स्वतंत्र नाव म्हणून मात्र ते एकोणिसाव्या शतकात, अँग्लो-सॅक्सन नावांची हौस वाढली तेव्हा रूढ झाले.