अक्षरओळख आणि चॉकलेटची लाच

भरतवाक्य:
सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरत आली. रोज वीस मिनिटं अक्षरांचे खेळ घ्या, बरोबर वाचलं की स्टिकर, दहा स्टिकरना एक चॉकलेट, तीन महिन्यांत मूल वाचायला लागतं म्हणे! खाली अंगठ्यांची रांग. तिथे भांडलो असतो तर बायकोने फोन काढून घेतला असता, म्हणून इथे लिहितोय.

गोष्ट ऐकणं ही मुळातच मजा आहे, तिला लाच कशाला? पोराला मांडीवर घ्या, ओळीखालून बोट फिरवत वाचा. तीच गोष्ट पुन्हा मागेल, पुन्हा वाचा. पान उलटायच्या आत पुढचं वाक्य तोच म्हणायला लागतो. आमचा धाकटा असाच शिकला. आणि तो 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतचा तक्ता आधी भिंतीवरून काढा. ङ आणि ञ असलेला शब्द चार वर्षांच्या पोराने कधी वाचायचा?

पाटीवाल्या बाई:
तक्त्याचं बरोबर. बाकी सगळं, दादा, मांडी आणि पुस्तकांचं कपाट असलेल्यांचं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरं आजीजवळ. घरात छापील म्हणाल तर तेलाची पिशवी. वाचून मीच दाखवते, पण मागच्या रांगेला चित्रसुद्धा दिसत नाही. मग अंगणात खडूने चौकोन आखते आणि अक्षरांवर उड्या. क, म, ल, र आणि काना, एवढ्यावर 'लाल मका', 'काका', 'काम कर' वाचून होतं. पोरांना वाटतं आपण खेळतोय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून डहाणूकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काय केलं? पोरं शाळेत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, शिंपले-बिया मांडून शिकवलं. ती पण लाचच का?

कानामात्रा:
खेळ चालतील हो, पण बाजारातली कार्डं बघा. ल आणि श हिंदी वळणाचे! भाचीला शाळेत एक श, कार्डावर दुसरा. 'शहामृग' समोर धरलं तर ती चित्र बघून 'कोंबडी' म्हणाली. २००९ च्या शासन निर्णयात मराठी वळणाचे ल, श स्पष्ट दिलेत. वाचतं कोण?

तळटीप:
युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या संकेतयादीत, दोन्ही ल ना एकच संकेतांक आहे, वळण फॉन्ट ठरवतो. मजकुराला मराठीची खूण लावली आणि फॉन्टात सोय असली तर आपला ल उमटतो. छापणाऱ्यांना तेवढाही वेळ नाही. आत्ता तुमच्या फोनवर कोणता ल दिसतोय बघा.

रोखठोक नाना:
फॉन्टचं नाही, हेतूचं बोला. २०२५ मध्ये सरकारवाले पहिलीपासून हिंदी आणत होते ना? लोक खवळले तेव्हा जूनअखेर निर्णय मागे. ल-श हे त्याच वाटेवरचं.

कानामात्रा:
नाना, मी कार्डांबद्दल बोलत होते. तुम्ही प्रत्येक धाग्यात हेच आणता.

रोखठोक नाना:
सुरुवात कोणी केली? भाचीला श येईना म्हणून गळा काढायचा आणि कारण सांगितलं की झोंबतं. भाची कुठल्या माध्यमात आहे?

कानामात्रा:
तुमचा काय संबंध?

तळटीप:
नाना, घरातल्या मुलांवर नको.

फ्राईबुर्गची सई:
माझं ऐका जरा. इथे मुलीला घराबाहेर मराठी अक्षर दिसत नाही. स्टिकर लावले, धावत वाचायची. स्टिकर संपले, वाचन संपलं. मग आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर गोष्ट मुद्दाम चुकीची वाचायला सुरुवात केली. 'चिमणीने हत्ती गिळला' म्हटलं की ही ओरडते, 'आजी, तसं नाही लिहिलंय!' आणि बोट ठेवून वाचून दाखवते. पण 'चमचा' अजून 'चहा'तला च घेऊनच वाचते. लिपीत दोन्ही च एकच, कुठला कुठे ते ऐकूनच येतं. त्यामुळे, नाइलाजाने, भरतवाक्य थोडे बरोबर.

भरतवाक्य:
'थोडे' बद्दल आभार. बाई, तुमच्या उड्यांना माझी ना नाही, चॉकलेटला आहे. आणि स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे फुकट मिळतात, त्या का नाही घेत?

पाटीवाल्या बाई:
चॉकलेटला पैसे कुणाकडे आहेत, निर्धास्त राहा. गोष्टी घेते की. माझ्या फोनवर, आणि त्याभोवती तीस डोकी. छपाईचा खर्च तुम्ही करणार असाल तर यादी पाठवते. मोठ्या अक्षरात हवं, मागची रांग विसरू नका.

भरतवाक्य:
पाठवा. धाकट्याची पुस्तकंही देतो, फाटलेली चालतील तर.

कानामात्रा:
छापायच्या आधी फॉन्ट तपासा.

रोखठोक नाना:
माध्यम अजून सांगितलं नाहीत.