'विरजण' हा शब्द रसायनशास्त्रात चालेल का?

बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे: फॉर्माल्डिहाइडपासून शर्करा कशा आणि किती वेगाने तयार होतात. (मुद्दाम 'शर्करा' लिहिलं. 'साखर' म्हटलं की आमच्या सोलापूर जिल्ह्यात कारखान्यातलं पोतंच डोळ्यापुढे येतं, आणि इथे तर कितीतरी शर्करांची सरमिसळ आहे.)

१८६१ साली बुटलेरोव या रशियन रसायनशास्त्रज्ञाला फॉर्माल्डिहाइड आणि चुन्याच्या पाण्यातून गोडसर पाक मिळाला. या अभिक्रियेला फॉर्मोज म्हणतात. तिचा वेग मोठा चमत्कारिक आहे. आधी बराच वेळ काहीच घडत नाही. मग एकाएकी फॉर्माल्डिहाइड झपाट्याने संपतं आणि द्रावण पिवळं पडतं. त्याचं कारण असं, की फॉर्माल्डिहाइडचे एकेका कार्बनचे दोन रेणू आपणहून जुळणं फार अवघड असतं. पण ग्लायकॉलाल्डिहाइड, म्हणजे दोन कार्बनची शर्करा, नखाएवढी जरी असली तरी ती एकेक फॉर्माल्डिहाइड जोडत तीन कार्बनची होते, मग चारची. चारची मोडली की दोन-दोनचे दोन रेणू! एकाचे दोन, दोनाचे चार. हे चक्र ब्रेस्लो यांनी १९५९ साली मांडलं.

पुस्तकी शब्द आहे 'स्वयंउत्प्रेरक', म्हणजे स्वतःच्याच निर्मितीचा वेग वाढवणारा. पण उत्प्रेरक शेवटी होता तेवढाच उरतो, असं मीच मुलांना शिकवलेलं. इथे तर तो वाढतो. मोहोळकडची एक मुलगी पटकन म्हणाली, "मॅडम, हे विरजणच की!" मला तो शब्द फार आवडला. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १
ताई, शब्द गोड आहे, पण 'आनंदावर विरजण पडलं' याचं काय? मुलांना वाटेल, अभिक्रिया नासली.

प्रतिसाद २
आम्ही सोलापूर शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. विरजणाला आम्ही 'तोडु' म्हणतो. तोडु म्हणजे सोबतही. दुधाला सोबत दिली की दही. शेजारच्या कन्नड घरात 'हेप्पु' म्हणतात. तीनही भाषांत या कामाला स्वतंत्र शब्द आहे, मग मराठी वर्गात तो का नको?

प्रतिसाद ३
फरक क्रियापदात आहे. विरजण 'लावतात' तेव्हा दही हवं असतं. 'पडतं' तेव्हा दूध दूधच राहायला हवं होतं. टिपणात 'विरजण लावणे' एवढंच वापरा, घोटाळा होणार नाही. आणखी एक: घरात विरजण नसलं की आई कोमट दुधात देठासकट हिरवी मिरची टाकायची. दही लागायचं, फक्त उशिरा. तुमच्या अभिक्रियेत बाहेरून काही घातलं नाही तर काय होतं?

लेखिका
दादा, तुमची मिरची नेमकी लागू पडते! बाहेरून काही घातलं नाही तर फॉर्माल्डिहाइडमधल्या किंचित अशुद्धीवर सुरुवात होते, म्हणून ताटकळणं लांबतं. थोडं ग्लायकॉलाल्डिहाइड आधीच घातलं तर तो काळ आखडतो. म्हणजे चुना हा उत्प्रेरक आणि ग्लायकॉलाल्डिहाइड हे विरजण, दोन वेगळ्या भूमिका. 'स्वयंउत्प्रेरक' म्हटल्यावर मुलं त्या एकत्र करतात, 'विरजण' म्हटल्यावर करत नाहीत. आज वर्गात पाहिलं.

त्या सुरुवातीच्या काळालाही शब्द हवा आहे. 'प्रेरण काल' कोरडा वाटतो.

प्रतिसाद ४
'लागण' सुचेल, पण तो नको. आमच्याकडे लागण उसाची, नाहीतर आजाराची. 'दही लागायच्या आधीचा वेळ' असं सरळ लिहा आणि पुढे 'लागवेळ' वापरा. आणि पिवळं पडल्यावर काय होतं?

लेखिका
'लागवेळ' घेतला. पिवळं पडल्यावरही तसंच चालू ठेवलं तर शर्करा मोडत जातात, द्रावण तपकिरी होतं, जळक्या साखरेसारखा वास येतो. रायबोज (आरएनएमधली शर्करा) हवा असेल तर तो आधीच थोडा, त्यात टिकतही नाही. २००४ साली दाखवलं गेलं की बोरेट (बोरॉनचं संयुग) असलेली खनिजं रायबोजसारख्या पाच कार्बनी शर्करांना धरून ठेवतात. गुऱ्हाळात काहील वेळेवर उतरवली नाही तर गूळ करपतो, तोच प्रकार. त्या क्षणासाठी मी 'उतरवेळ' लिहिलं आहे. मोहोळच्या त्याच मुलीला आधी वाचायला दिलंय.