उन्हात बंद पडून चालू न होणारी जुनी मारुती 800 : दोष करंटचा की पेट्रोलचा?

तापीकाठ (चोपडा)

माझ्याकडे 1997 सालची, कार्बोरेटरची मारुती 800 आहे. सकाळी चोक ओढला की ती पहिल्याच सेल्फला चालू होते आणि गावात विनातक्रार चालते. मात्र मे महिन्याच्या उन्हात जळगावला जाताना अडावद ओलांडले की तिचा पिकअप कमी होतो, धानोऱ्याच्या पुढे ती मिसिंग मारू लागते आणि विदगावच्या पुलाच्या आसपास झटके खात बंद पडते. त्यानंतर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत थांबल्यास काही झालेच नव्हते अशा थाटात चालू होते. आमच्या मिस्त्रींनी प्लग व एअर फिल्टर बदलले, कार्बोरेटर साफ केला, बॅटरीही नवी बसवली. आता कॉइल (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणारा भाग) आणि डेल्को (ती वीज एकेका प्लगला वाटणारा डिस्ट्रिब्युटर) दोन्ही बदलावे, असे त्यांचे म्हणणे आहे. तो खर्च करण्यापूर्वी खात्री करून घेण्याचा काही मार्ग आहे का?

निवृत्त फोरमन (भुसावळ)

दादा, सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरी, तिच्या वायरी आणि अर्थिंग यांचा विचार तूर्त बाजूला ठेवता येईल. उरतात करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) आणि पेट्रोल, आणि ही दोन्ही थंड गाडीवर तपासून काहीच हाती लागत नाही, कारण थंड असताना तिला काही झालेलेच नसते. गॅरेजपर्यंत पोहोचेस्तोवर दोष नाहीसा होतो आणि मग मिस्त्री अंदाजाने एकामागून एक भाग बदलत राहतात. म्हणून एक चांगला जुना प्लग आणि रबरी मुठीची पक्कड गाडीत ठेवा आणि गाडी जिथे बंद पडेल तिथेच तपासणी करा.

एका सिलिंडरची प्लगवायर काढून ती या जुन्या प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून पकडीने धरा आणि सोबतच्याला सेल्फ मारायला सांगा. इंजिनात बसवलेले प्लग काढू नका, कारण उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने ती पेटू शकते. टकटक आवाजाची निळसर ठिणगी दिसली तर करंट ठीक आहे; पिवळट, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही तर मिस्त्रींचे म्हणणे खरे. मग किल्ली बंद करून एअर फिल्टरचे झाकण काढा, कार्बोरेटरच्या तोंडात पाहत ॲक्सिलरेटरची केबल हाताने ओढा. आत पेट्रोलची बारीक धार पडायला हवी. त्या वेळी जवळ कोणी विडी ओढत नाही ना, एवढे पाहा. रस्त्यावर मदतीला थांबणाऱ्यांत हौशी मंडळी बरीच असतात.

सातपुडा पायथा (यावल)

मिस्त्रींचा संशय अगदीच निराधार नाही. कॉइलच्या वेटोळ्यांचे इन्सुलेशन जुने झाले की ती थंडपणी चांगली ठिणगी देते, तापली की मान टाकते आणि निवल्यावर पुन्हा कामाला लागते. तरीही कॉइलने दगा दिलेली गाडी बहुधा एकाएकी बंद पडते, तर पेट्रोल कमी पडणारी आधी पिकअप सोडते, झटके खाते आणि मग थांबते. आपण लिहिलेला क्रम या दुसऱ्या प्रकाराशी जुळतो.

बिनखर्चाची आणखी एक तपासणी करावी. टाकीत हवा येण्याची वाट धुळीने बुजली, तर पेट्रोल कमी होत जाते तशी आतली हवा विरळ होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येईनासे होते. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडा. हवा जोराने आत शिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गाडी चालू झाली, तर दोष तिथेच आहे.

तापीकाठ (चोपडा)

आज भर दुपारी गाडी मुद्दाम काढली आणि ती नेहमीच्याच टापूत बंद पडली. ठिणगी निळी व जोरदार होती, परंतु केबल ओढल्यावर कार्बोरेटरमध्ये धार पडली नाही. टाकीचे झाकण उघडल्यावर कसलाही आवाज आला नाही. एका रसवंतीवाल्याकडून पाणी घेऊन ओले फडके एसी पंपावर (म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर) ठेवले, तेव्हा थोड्याच वेळात गाडी चालू झाली. म्हणजे हा व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणे, असावा. पण ही गाडी इतकी वर्षे याच उन्हात धावली, मग यंदाच असे का व्हावे?

निवृत्त फोरमन (भुसावळ)

हा प्रश्न सोडू नका, कारण ओले फडके हा इलाज नव्हे. या गाडीचा एसी पंप इंजिनवर असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि पेट्रोलमधले हलके घटक मुळातच 40 अंशांच्या आसपास उकळू लागतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 45 च्या घरात जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. वाफ झाली की पंप पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसतो. इथेनॉलच्या मिश्रणाने ही प्रवृत्ती थोडी वाढते, पण मला त्याहून मोठा संशय त्याच इथेनॉलच्या दुसऱ्या परिणामाचा आहे : जुन्या रबरी नळ्या त्याने लवकर खराब होतात. टाकी ते पंप या भागातली नळी चिरली, तर पेट्रोल गळतेच असे नाही, कारण तिथे पंपाची ओढ असते आणि नळी बाहेरची हवा आत घेते. त्यामुळे पंप आधीच अर्धवट काम करतो आणि उन्हाची थोडी भर पडली की हात टेकतो.

पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा आणि सकाळी इंजिन थंड असतानाच चालू करून पाहा. फिल्टर अर्धाच भरलेला दिसला तरी घाबरू नका, ते चालते. परंतु थंड इंजिनातही बुडबुड्यांची माळ सतत येत असेल, तर ती वाफ नसून हवा आहे.

तापीकाठ (चोपडा)

बुडबुडे सकाळीच दिसले. गाडी वर घेऊन पाहिली तेव्हा टाकीजवळचा रबरी नळीचा तुकडा बोटाने वाकवताच त्याला आडव्या भेगा पडलेल्या दिसल्या; बाहेरून मात्र तो कोरडा होता. सर्व रबरी तुकडे व क्लिपा बदलल्यावर भर उन्हात जळगावला जाऊन परतलो, गाडी कुठेही थांबली नाही. कॉइल व डेल्को जुनेच आहेत. आता फक्त स्लोमध्ये (ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिन किंचित थरथरते आणि प्लगच्या टोकावर काजळी दिसते.

निवृत्त फोरमन (भुसावळ)

मिसिंग झाकण्यासाठी मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ करताना पेट्रोलचा स्क्रू जास्त उघडला असावा. प्लग पुसून, इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चोक पूर्ण आत असल्याची खात्री करून स्लो सेटिंग नव्याने करून घ्या. नवी नळी इथेनॉल चालणारी आहे का, हे दुकानदाराला विचारा आणि नळी सायलेन्सरच्या पाइपाला कुठे टेकत नाही ना, तेही एकदा पाहून ठेवा.