मदत हवी आहे : विद्यार्थी प्रत्यक्ष येतील असा समुपदेशन कक्ष कसा उभारावा?

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेला शिकवतो. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात, १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. त्यानंतर आमच्याकडे समुपदेशन कक्षाची पाटी लागली आणि पात्र व्यक्ती मिळेपर्यंत म्हणून जबाबदारीचे पत्र माझ्या नावाने निघाले, कारण वेळापत्रकात माझे तास सर्वांत कमी होते.

कक्षाला मिळालेली खोली कार्यालयाच्या खिडकीसमोर आहे. शुल्क, बोनाफाईड आणि एसटीच्या पाससाठी लागणारी रांग तिच्या दारावरूनच जाते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची घमेली-फावडीही तिथेच ठेवलेली असतात. नोंदवहीत नाव, वर्ग, भेटीचे कारण आणि सही असे रकाने आखले आहेत. आजवर जे मोजके विद्यार्थी आले, त्या सर्वांनी कारणाच्या रकान्यात ‘अभ्यास’ एवढेच लिहिले आहे.

त्रास नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत, असे मात्र मुळीच नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून आलेली मुले कॉट बेसिसवर राहतात आणि मेसचा एक डबा दोघांत खातात. अवकाळी पावसाने द्राक्षबाग गेली की आधी मुलाचे हप्ते थांबतात आणि मग मुलगा वर्गात यायचा थांबतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत एखाद्या विषयात एटीकेटी लागणे म्हणजे घरी स्थळे पाहायला सुरुवात होणे, इतके ते सरळ गणित आहे. यातले किती आजार आणि किती परिस्थिती, हे ठरवण्याइतके माझे शिक्षण नाही. मध्यंतरी दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने जिन्यात थांबवून विचारले, “सर, तिथं आलेलं घरी कळतं का?” मी नाही म्हणालो, पण तसे म्हणण्याचा अधिकार मला आहे का, याची मलाच खात्री नव्हती. ती पुन्हा आली नाही.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. पूर्णवेळ समुपदेशकाचे वेतन संस्थेला परवडत नसेल, तर कायदेशीर आणि प्रामाणिक असा मधला मार्ग कोणता? पालकांनी फोन करून विचारल्यास काय सांगावे, विशेषतः आमच्याकडे कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत असताना? आणि माझ्यासारख्या शिक्षकाने स्वतः किती बोलावे व कुठे थांबून पुढे पाठवावे? टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आम्ही वर्गांत आणि वसतिगृहात मोठ्या अक्षरांत लावला आहे. त्यापलीकडचे काही हवे आहे.

प्रतिसाद १

सर, मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहिते. सर्वांत आधी ती नोंदवही बंद करा. ज्या वहीत मागच्या विद्यार्थ्याचे नाव वाचता येते, तिच्यात कोणीही खरे कारण लिहिणार नाही. नावाऐवजी क्रमांक ठेवा आणि नावांची यादी कुलुपात एकाच व्यक्तीकडे असू द्या.

गोपनीयतेबद्दल सांगायचे, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ नुसार रुग्णाच्या मानसिक आरोग्याची माहिती गुप्त राखण्याचा त्याला हक्क आहे आणि उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर ते बंधन आहे. जिवाला धोका असेल, तर तो टाळण्यापुरतीच माहिती देता येते. शिक्षक या कलमाच्या व्याख्येत येत नसला, तरी कक्ष चालवताना हीच चौकट पाळणे शहाणपणाचे आहे. म्हणून त्या मुलीला नुसते ‘नाही’ सांगू नका. “तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी घरच्यांशी बोलेन, तेही तुला सांगून, बाकी काही माझ्याकडून बाहेर जाणार नाही,” असे पहिल्याच भेटीत सांगा आणि तेवढे तंतोतंत पाळा. अकरावी-बारावीची मुले बहुधा १८ वर्षांखालची असतात, त्यांच्या उपचाराचा निर्णय पालकांशिवाय होणार नाही. पदवीच्या विद्यार्थ्याच्या पालकांना मात्र “तुम्ही त्याच्याशीच बोला, हवे तर मी दोघांना एकत्र बसवतो,” असे म्हणता येते.

तुम्ही कुठे थांबावे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाने निदान करू नये आणि भाषणही देऊ नये. ऐकावे आणि पोहोचवावे. झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, वर्ग आणि मित्र दोन्ही सुटले आहेत आणि हे दोन आठवडे चालले आहे, असे दिसले की पुढे पाठवा. मनात मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो, हा समज चुकीचा आहे. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले याचा आधार वाटतो. उत्तर होकारार्थी आले तर त्या विद्यार्थ्याला एकटे सोडू नका, विश्वासातल्या माणसाला बोलावून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. प्रसंग तातडीचा असेल तर १०८ ला फोन करा.

तुमच्या भागातून मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचे सिव्हिल हे दोन्ही आवाक्यातले आहेत. पण चिठ्ठी देऊन पाठवलेली मुले केस पेपरच्या रांगेतूनच परत येतात, हा माझा अनुभव आहे. पहिल्या वेळी कोणीतरी सोबत जाणे हे अर्धे काम असते. गोळ्यांबद्दल घरचे हमखास अडून बसतात. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, त्यांचे व्यसन लागत नाही आणि ती मनाने बंद करायची नसतात, एवढे तरी पालकांना तुम्ही सांगू शकता. बाकी डॉक्टरांवर सोडा.

प्रतिसाद २

मी साताऱ्याकडच्या महाविद्यालयात आहे. आमच्याकडेही वेतनाचा प्रश्न होता, तेव्हा शेजारच्या महाविद्यालयांनी मिळून एका समुपदेशक बाईंना वार वाटून दिले. निकालाच्या अक्षराशी हे कितपत जुळते, ते वकिलांना विचारून घ्यावे. पण जिथे कोणीच नव्हते, तिथे ठरलेल्या वारी शिकलेले माणूस बसू लागले. कक्ष आम्ही ग्रंथालयाच्या आतल्या बाजूला हलवला, कारण ग्रंथालयात कोण कशाला गेले हे कोणी विचारत नाही. आणखी एक सुचवतो. त्याच निकालात सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण देण्यास सांगितले आहे, त्यात वसतिगृहाचे रेक्टर, शिपाई आणि जमल्यास मेस चालवणाऱ्या काकूंनाही बसवा. पोराने डबा उघडलाच नाही, हे काकूंना आपल्या कितीतरी आधी कळते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खोली बदलण्याचे प्राचार्यांनी मान्य केले आहे आणि वार वाटून घेण्याबद्दल शेजारच्या दोन महाविद्यालयांशी बोलणे सुरू केले आहे. त्या विद्यार्थिनीशी कसे बोलायचे, तेही आता स्पष्ट झाले. तिच्या वर्गशिक्षिका मॅडमना सोबत घेऊन मी तिला भेटणार आहे.

एक अडचण उरते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीच्या वेळी लाभार्थ्यांची यादी नावे आणि सह्यांसह दाखवावी लागेल, असे आमच्या गुणवत्ता कक्षाचे म्हणणे आहे, आणि क्रमांकाची नोंदवही ‘पुरावा’ म्हणून चालणार नाही अशी त्यांना भीती वाटते. महिनावार फक्त भेटींची संख्या आणि पुढे पाठवलेल्यांची संख्या असा तक्ता कोणी सादर केला असेल आणि तो स्वीकारला गेला असेल, तर त्याचा कोरा नमुना कृपया इथे द्यावा.