आठवीच्या मुलांसाठी 'गणितभीती श्रेणी' तयार करतेय: अल्फा ०.९१ आला, पुढे काय? सल्ला हवा

वैनगंगा
नमस्कार मंडळी. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय. आठवीच्या मुलांना गणिताची किती भीती वाटते हे मोजणारी मराठी श्रेणी तयार करणं हा कामाचा पहिला टप्पा. सध्या ४० विधानं आहेत, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' असे पाच पर्याय. काही विधानं रिचर्डसन आणि सुइन यांची १९७२ची ९८ विधानांची श्रेणी आणि २००३मध्ये आलेली हॉपको वगैरेंची नऊ विधानांची श्रेणी यांवरून मराठीत आणली, बाकीची मी लिहिली. दोन शाळांत पायलट घेतलं, क्रॉनबाख अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९१ आला. आजूबाजूचे सगळे म्हणताहेत की ०.९०च्या वर गेला म्हणजे श्रेणी प्रमाणित झाली, आता मुख्य नमुना गोळा कर आणि मोकळी हो. मला ते काही पटत नाही.

अल्फानंतर अजून काय दाखवावं लागतं? तज्ज्ञ किती घ्यावेत? घटक विश्लेषणासाठी (विधानं किती गटांत पडतात ते शोधायला) एसपीएसएस हे सॉफ्टवेअर विकत घेणं परवडणार नाही, दुसरं काही चालतं का? आणि नमुन्यात मराठी माध्यमाची आणि सेमी-इंग्रजीची अशी दोन्ही मुलं आहेत, त्याने काही बिघडतं का?

कृष्णाकाठ
वैनगंगाताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. अल्फा विश्वसनीयतेबद्दल (गुण किती सुसंगत) बोलतो, सप्रमाणतेबद्दल (जे मोजायचं तेच मोजलं जातंय का) नाही. आणि विश्वसनीयतेबद्दलही तो जे सांगतो त्यात विधानांच्या संख्येचा मोठा वाटा असतो. हिशोब करून बघा. ४० विधानं असतील आणि त्यांच्यातला सरासरी सहसंबंध अवघा ०.२० असेल, तरी प्रमाणित अल्फा ०.९१ येतो. तोच सरासरी सहसंबंध ठेवून १० विधानं घेतली तर ०.७१. विधानं तशीच, त्यांची एकमेकांशी जवळीक तेवढीच, फक्त संख्या बदलली. शिवाय एकच गोष्ट चार तऱ्हांनी विचारली तरी अल्फा चढतो, आणि श्रेणीत दोन-तीन वेगवेगळे घटक मिसळलेले असले तरीही तो छान दिसू शकतो. क्रॉनबाख यांचा लेख १९५१चा. तेव्हापासून हा आकडा सोयीचा म्हणून आपल्याकडे शिक्क्यासारखा वापरला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शेवटी त्या श्रेणीवरून कुणातरी मुलाला 'गणितभीती जास्त' असं लेबल लागतं.

अमेरिकेतल्या तीन संघटनांनी मिळून काढलेली चाचण्यांची मानकं (२०१४ची आवृत्ती) जरूर वाचा, नेटवर मोफत आहेत. त्यातला गाभा असा की 'सप्रमाण चाचणी' असं काही नसतं. गुणांचा जो अर्थ तुम्ही लावता आणि त्यांचा जो वापर करता, त्याला पुरावा किती आहे एवढाच प्रश्न असतो. तो पुरावा पाच बाजूंनी येतो: आशय, मुलं उत्तर कशी देतात ती प्रक्रिया, श्रेणीची अंतर्गत रचना, इतर मापनांशी संबंध, आणि वापराचे परिणाम. तुमच्या हातात सध्या अंतर्गत रचनेचा एक छोटा तुकडा आहे.

म्हणून आधी एक वाक्य लिहून काढा: ही श्रेणी कोण, कुठल्या निर्णयासाठी वापरणार? 'असर' या शैक्षणिक पाहणीचं उदाहरण घ्या. २००५पासून स्वयंसेवक खेड्यापाड्यात घरोघरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून वाचायला देतात, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार करायला लावतात. साधन इतकं छोटं असूनही चालतं, कारण जिल्ह्यातली, राज्यातली मुलं कुठपर्यंत पोचली हे कळावं एवढाच त्याचा हेतू. त्याच कागदावरून एखाद्या शाळेत मुलांचे नंबर काढायला बसलो तर तो पुरावा पुरणार नाही. तुमचं संशोधन गटांची तुलना करणारं आहे की समुपदेशनासाठी मुलं निवडणारं, यावर पुढची सगळी मेहनत ठरेल.

तज्ज्ञांबद्दल: लॉशे यांचं १९७५चं आशय सप्रमाणता गुणोत्तर (निम्म्याहून किती जास्त तज्ज्ञ विधानाला 'अत्यावश्यक' म्हणतात ते मोजणारं; निम्मे म्हणाले तर ०, सगळे म्हणाले तर १) आपल्याकडे सर्रास वापरतात. पाचच तज्ज्ञ घेतले तर त्यांच्या तक्त्यानुसार सगळ्यांनी 'अत्यावश्यक' म्हणायला हवं. दहा घेतले तर किमान ०.६२ लागतं. दहापैकी आठ जण हो म्हणाले तर ०.६० येतं, म्हणजे थोडक्यात हुकतं, नऊ हवेत. पण आकड्यापेक्षा माणसं कोण आहेत ते बघा. दहाही प्राध्यापक नकोत. आठवीला रोज गणित शिकवणारे तीन-चार शिक्षक आणि एखादा शालेय समुपदेशक हवाच.

तोरणमाळ
मी जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवतो. माझं म्हणणं एवढंच की ४० विधानं घेऊन आधी मुलांजवळ बसा. एकेक मूल, शांत जागा. विधान त्याने मोठ्याने वाचायचं, मग विचारायचं, 'हे वाचून तुझ्या डोळ्यांसमोर काय आलं?'

तुम्ही ज्या नऊ विधानांच्या श्रेणीचं नाव घेतलंत, तिच्यात गणिताच्या पुस्तकामागचे तक्ते वापरण्याबद्दल एक विधान आहे. आमच्याकडे एका संशोधक ताईंनी ते मराठीत आणून मुलांना दिलं होतं. आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकात मागे कुठले तक्ते? मागे असते उत्तरसूची. एक मुलगी हसून म्हणाली, 'सर, मागे बघायला मिळालं तर भीती कशाला वाटेल?' दुसऱ्याला वाटलं पाढ्यांबद्दल विचारलंय, आणि पाढ्यांची त्याला खरोखर भीती होती. एकाच विधानाला दोघांनी दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल उत्तरं दिली. अल्फाला यातलं काही दिसत नाही.

'मला गणिताचा तास आणि गणिताचे शिक्षक आवडत नाहीत' अशी जोडविधानं असतील तर आजच काढा. 'मला गणिताच्या पेपरची भीती वाटत नाही' याला 'असहमत' म्हणताना मुलं हमखास गोंधळतात. नकाराला नकार देणं त्या वयात जड जातं. उलट्या अर्थाचं विधान हवंच असेल तर 'गणिताच्या पेपरला मी निवांत असतो/असते' असं सरळ लिहा.

आणि आमच्यासारख्या भागात जाणार असाल तर घरात भिली किंवा पावरी बोलणारी मुलं भेटतील. त्यांच्यासाठी लांब वाक्यं म्हणजे मराठी वाचनाचीच परीक्षा होते.

सांख्यिकी_सखी
एसपीएसएसची काही गरज नाही. जामोवी किंवा जास्प उतरवून घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि माऊसने चालतात. 'आर' ही संगणक भाषा येत असेल तर उत्तमच.

घटक विश्लेषण करताना जुन्या प्रबंधांचा साचा उचलू नका. 'प्रमुख घटक पद्धत, आयगेन मूल्य एकपेक्षा जास्त, व्हॅरिमॅक्स' ही तिकडी सगळीकडे दिसते, कारण एसपीएसएसमध्ये ती हाताशी असते. (आयगेन मूल्य म्हणजे एका घटकाने उत्तरांतला किती फरक टिपला तो आकडा; व्हॅरिमॅक्स ही अर्थ लावायला घटक फिरवण्याची, म्हणजे आवर्तनाची, एक रीत.) एकपेक्षा जास्तवाल्या नियमाने बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त घटक निघतात. किती घटक ठेवायचे ते समांतर विश्लेषणाने, म्हणजे यादृच्छिक आकड्यांशी ताडून, ठरवा (हॉर्न, १९६५), जामोवीत ते एका क्लिकवर आहे. आवर्तन तिरकं (घटकांना एकमेकांशी संबंध ठेवू देणारं) घ्या, ऑब्लिमिन चालेल. शिकताना वाटणारी भीती आणि परीक्षेची भीती हे दोन घटक निघण्याची शक्यता आहे, आणि ते एकमेकांशी संबंधित असणारच. व्हॅरिमॅक्स ते असंबंधित आहेत असं धरून चालतं.

शोधक विश्लेषण (रचना शोधणारं) एका नमुन्यावर, पुष्टीकारक (सापडलेली रचना पडताळणारं) दुसऱ्यावर. त्याच मुलांवर दोन्ही केलं तर काही सिद्ध होत नाही. प्रत्येक वेळी तीनेकशे मुलं धरून चला.

अभ्यासू_शिक्षक
एकूण गुणांनुसार वरचा २७ टक्के आणि खालचा २७ टक्के गट घेऊन प्रत्येक विधानाचं टी-मूल्य (दोन गटांच्या सरासरींत खरंच फरक आहे का ते दाखवणारं) काढा की. आम्ही एम.एड.ला तेच केलं. विद्यापीठाला चालतं.

सांख्यिकी_सखी
चालतं हे खरं, पण मधल्या ४६ टक्के मुलांची उत्तरं आपण बाजूला टाकतो. संगणक नव्हते तेव्हा हाताने हिशोब करायला ती सोय होती. आता प्रत्येक विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध काढा, ०.३०च्या खालची विधानं पुन्हा तपासा. तपासा म्हणतेय, लगेच उडवू नका. आशयाच्या दृष्टीने महत्त्वाचं विधान असेल तर आधी त्याची भाषा बघा.

संपादणूक चाचणीत (मुलं काय शिकली ते मोजणाऱ्या परीक्षेत) २७ टक्क्यांची रीत वर्गशिक्षकाला आजही उपयोगी आहे. १०० मुलं, वरच्या २७ पैकी २० जणांचं उत्तर बरोबर, खालच्या २७ पैकी ९ जणांचं, तर काठिण्य मूल्य (किती जणांना प्रश्न जमला) २९ भागिले ५४ म्हणजे ०.५४, आणि भेदनमूल्य (प्रश्न वरच्या-खालच्या गटांत किती फरक करतो) ११ भागिले २७ म्हणजे ०.४१. प्रश्न ठेवावा असा आहे. भीतीच्या विधानाला मात्र बरोबर-चूक उत्तर नसतं, त्यामुळे तिथे काठिण्य मूल्य काढू नका.

वैनगंगा
सगळ्यांचे खूप आभार. तोरणमाळ सर, तक्त्यांचं ते विधान माझ्याही यादीत आहे, काढतेय. इतर मापनांशी संबंध दाखवायला गणिताचे गुण पुरतील का? आणि सेमी-इंग्रजीचं राहिलं.

कृष्णाकाठ
गुण घ्या, पण एकटे पुरणार नाहीत. गणितभीती आणि गणितातली संपादणूक यांचा सहसंबंध आजवरच्या अभ्यासांत साधारण उणे ०.३०च्या आसपास येतो. तुमचा उणे ०.७० आला तर खूश होऊ नका, मुलं आपल्या मार्कांबद्दलच उत्तर देताहेत का ते बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सर्वसाधारण परीक्षाभीतीची एक श्रेणी त्याच मुलांना द्या. दोन्हींचा सहसंबंध ०.८५ वगैरे आला तर तुम्ही परीक्षेची भीती मोजलीत, गणिताची नाही. मग विधानं परीक्षेकडून फळ्याकडे, गृहपाठाकडे, 'उठून उत्तर सांग' या क्षणाकडे वळवावी लागतील. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना श्रेणी पुन्हा द्या, मध्ये शाळेची घटक चाचणी येऊ देऊ नका.

सांख्यिकी_सखी
सेमीबद्दल: दोन माध्यमांच्या सरासरींची तुलना करायच्या आधी मापन दोन्हीकडे सारखं चालतंय का ते तपासायला हवं. आधी घटकांची रचना सारखी आहे का, मग भारमूल्यं (विधानाचं घटकाशी नातं किती घट्ट), मग विधानांची छेदमूल्यं (किंवा उंबरठे), म्हणजे भीती तेवढीच असताना दोन्हीकडे विधानाला सारखंच उत्तर येतं का. निदान तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलात तरच 'सेमीची मुलं जास्त घाबरतात' असं लिहिता येतं. पाच पर्यायांची उत्तरं क्रमवाचक (क्रम आहे, पण मधली अंतरं समान असतीलच असं नाही) धरा आणि त्याला साजेशी अंदाज पद्धत निवडा. सेमीची मुलं 'फ्रॅक्शन' आणि 'इक्वेशन' शिकतात, त्यांना 'अपूर्णांक' आणि 'समीकरण' दिलं की ती अडखळतात, आणि ते अडखळणं भीती म्हणून मोजलं जातं. विधानांत गणितातल्या संज्ञा शक्यतो येऊच देऊ नका.

तोरणमाळ
श्रेणी भरून घेताना गणिताचे शिक्षक वर्गाबाहेर हवेत. ते दाराशी उभे असले की वर्गात भीती कुणालाच नसते. कागदावर नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक. पालकांची लेखी संमती घ्याच, पण मुलालाही सांगा की नको असेल तर भरू नकोस, मार्कांवर काही परिणाम होणार नाही. पुन्हा घेण्यासाठी जोडी लावायची तर क्रमांकाची यादी तुमच्याकडेच ठेवा, शाळेकडे देऊ नका. मुख्याध्यापक मागतील. नाही म्हणायचं आधीच ठरवून जा आणि परवानगीच्या अर्जातच तसं लिहा.

वैनगंगा
अर्ज अजून दिलेला नाही, त्यात ही ओळ घालते. पुढच्या आठवड्यात मुलांजवळ बसायला सुरुवात करतेय, आधी मराठी माध्यमाची, मग सेमीची. कुठलं विधान कुठे अडतंय ते इथेच लिहीन.